काशीचे संपादक : बाबूराव विष्णु पराडकर

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत काशीशी ज्यांचे नाव निगडित आहे अशा एखाद्या थोर महाराष्ट्रीयाचे चरित्र द्यावे, असा विषय संपादक समितीच्या बैठकीत निघाला तेव्हा नावांची वाण नव्हती. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकासाठी रायगडी गेलेले गागाभट्ट, १७८० मध्ये विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभे करणाऱ्या पुण्यश्लोक अहिल्याबाई, याच नगरीत जन्मलेली आणि पुढे झाशीची राणी झालेली मनकर्णिका, अशी एकाहून एक नावे पुढे आली. आम्ही बाबूराव पराडकरांचे नाव घेतले. त्यावर एका तरुण सभासदाने अत्यंत विनयाने विचारले, की या गृहस्थांनी मराठीत काय लिहिले? आम्हांस तत्काळ उत्तर सुचले नाही. जन्मभर जे लिहिले ते त्यांनी हिंदीत लिहिले, आणि अशा माणसाला मराठी मंडळाच्या स्मरणिकेत जागा का द्यावी, हा प्रश्न काही गैर नव्हता. हा लेख त्या प्रश्नामुळेच लिहावयास घेतला आहे.

वास्तविक या प्रश्नाची दुसरी बाजू आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. पैठणचे एकनाथ महाराज काशीस आले आणि पंचगंगेच्या काठी, पंडितांच्या या नगरीत, १५७३ साली त्यांनी आपले भागवत मराठीत पूर्ण केले. घरची भाषा घेऊन ते परक्या ठिकाणी आले आणि तिचा झेंडा येथे रोवून परत गेले. पराडकरांचे उलटे झाले. ते येथेच जन्मले, येथेच वारले, आणि मधल्या एकाहत्तर वर्षांत त्यांनी या भूमीच्या भाषेची जी सेवा केली ती त्या भाषेच्या जन्मजात पुत्रांपैकीही थोड्यांना साधली असेल.

बाबूरावांचा जन्म १६ नोव्हेंबर १८८३ रोजी काशीस झाला. स्वातंत्र्यवीर सावरकर त्याच वर्षी मे महिन्यात भगूरला जन्मले, हे सांगितले म्हणजे वाचकांस काळाचा अंदाज येईल. वडील विष्णुशास्त्री हे संस्कृतचे पंडित होते व बिहारमधील सरकारी शाळांतून ते अध्यापन करीत. मातोश्रींचे नाव अन्नपूर्णाबाई. काशीत राहणाऱ्या घराला याहून साजेसे नाव कोणते असणार! घरी मराठी, वडिलांकडून संस्कृत, आजूबाजूस हिंदी आणि शाळेत इंग्रजी अशा चार भाषांच्या सहवासात हा मुलगा वाढला. १९०० साली भागलपूरहून ते मॅट्रिक झाले. आई-वडिलांचे छत्र त्यांच्या तरुणपणीच हरपले.

त्या काळी मॅट्रिकचे सर्टिफिकेट ही सामान्य वस्तू नव्हती. संस्कृत जाणणारा, इंग्रजी लिहू शकणारा आणि घरची जबाबदारी अंगावर पडलेला ब्राह्मण तरुण अशा वेळी कोठे जातो, हे आम्ही सांगावयास नको. आमच्यासारखे जेथे जातात तेथेच जातो, आणि साठीपर्यंत तेथेच राहतो. पराडकर तिकडे गेले नाहीत. १९०६ साली ते कलकत्त्यास गेले आणि ‘हिंदी बंगवासी’ या साप्ताहिकात साहाय्यक संपादक म्हणून लागले. वय बावीस-तेवीस.

कलकत्त्याची निवड सहज झालेली नव्हती. तेथे त्यांचे मामा होते, सखाराम गणेश देऊस्कर. हे नाव महाराष्ट्रात जितके ठाऊक असावयास हवे तितके नाही. १८६९ साली देवघरजवळच्या करौं गावी जन्मलेल्या या मराठी माणसाने आपले सारे लेखन बंगालीत केले. बंगालच्या लोकांना शिवाजी महाराजांची ओळख करून देणाऱ्यांत ते अग्रणी होते. रवींद्रनाथ ठाकुरांची शिवाजी उत्सवावरची प्रसिद्ध कविता १९०४ साली देऊस्करांच्याच पुस्तिकेला जोडून प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी त्यांचा ‘देशेर कथा’ हा ग्रंथ निघाला. इंग्रजी राज्यात या देशाचे धन कोणत्या वाटांनी बाहेर जाते, विणकर व कारागीर कसे देशोधडीला लागले, शेतकरी का बुडाला, हे त्यांनी दादाभाई नौरोजी, रमेशचंद्र दत्त आणि खुद्द इंग्रज लेखक यांचे आकडे हाती घेऊन मांडले. वंगभंगाच्या चळवळीत हा ग्रंथ तरुणांच्या हातोहात फिरला, आणि १९१० साली सरकारने तो जप्त केला. भाच्याने हाच ग्रंथ ‘देश की बात’ या नावाने हिंदीत आणला. मराठी घरातला मामा बंगालीत लिहितो, मराठी घरातलाच भाचा त्याचा हिंदी करतो, आणि विषय साऱ्या हिंदुस्थानचा! आम्हांस तर हे मामा-भाचे मनाने फार जवळचे वाटतात.

‘हिंदी बंगवासी’त पराडकर फार काळ राहिले नाहीत. १९०७ पासून त्यांनी ‘हितवार्ता’ या साप्ताहिकाचे संपादन केले. देऊस्कर ज्या ‘हितवादी’शी निगडित होते त्याच घराण्यातले हे हिंदी पत्र होय. याच काळात ते बंगाल नॅशनल कॉलेजात हिंदी व मराठी शिकवीत असत. हे कॉलेज म्हणजे स्वदेशी चळवळीचे अपत्य, आणि १९०६ मध्ये ते निघाले तेव्हा त्याचे पहिले प्राचार्य अरविंद घोष होते. बाँबच्या प्रकरणांनी कलकत्ता तेव्हा तापलेले होते. दिवसा अग्रलेख लिहिणाऱ्या या तरुण संपादकाचा रात्रीच्या मंडळींशीही संबंध जडला. त्यांची मूळ ओढच क्रांतिकारकांकडे होती, वृत्तपत्र हे त्यांना त्या कार्याचे दुसरे अंग वाटे. १९११ पासून अंबिकाप्रसाद वाजपेयी यांच्या बरोबरीने ते ‘भारतमित्र’ या जुन्या व मान्यवर पत्रात काम करू लागले, आणि हे पत्र दैनिक झाल्यावर रोज ताज्या बातमीवर लिहिण्याची सवय त्यांच्या हाताला लागली.

१९१६ च्या जूनअखेर कलकत्त्यात पोलीस खात्यातील डेप्युटी सुपरिंटेंडेंट बसंत चटर्जी यांचा वध झाला आणि धरपकडीची लाट उसळली. जुलैच्या आरंभी पराडकर पकडले गेले. महायुद्धामुळे १९१५ साली केलेला हिंदुस्थान संरक्षणाचा कायदा सरकारच्या हाती होताच. त्याखाली ना आरोपपत्र लागे, ना साक्षीपुरावा. संशय पुरेसा असे. बंगालमध्ये निरनिराळ्या ठिकाणी मिळून जवळजवळ साडेतीन वर्षे ते स्थानबद्ध राहिले. खटलाच न झाल्यामुळे दोषी ठरण्याचा वा निर्दोष सुटण्याचा प्रश्नच आला नाही. वयाच्या तेहतिसाव्या ते छत्तिसाव्या वर्षांमधली ही वर्षे, माणूस जेव्हा सर्वाधिक काम करतो ती. १९२० साली सुटका झाली तेव्हा ते कलकत्त्यात न थांबता काशीस परतले.

येथे आता दुसऱ्या एका मोठ्या माणसाची गाठ पडते. बाबू शिवप्रसाद गुप्त हे काशीचे धनिक, वय पराडकरांचेच. दोघांचा जन्म १८८३ चा. महायुद्धाच्या काळात त्यांनी जगप्रवास केला होता, आणि लंडनचे ‘टाइम्स’ पाहून आपल्या भाषेत असे पत्र का असू नये हा विचार त्यांच्या मनात घर करून बसला होता. पुढे काशी विद्यापीठ आणि भारतमाता मंदिर याच गृहस्थांच्या औदार्यातून उभे राहिले. श्रीमंती पुष्कळांजवळ असते, ती कोठे रिती करावी हे कळणारे थोडे. त्यांच्या ज्ञानमंडळातर्फे ५ सप्टेंबर १९२० रोजी, जन्माष्टमीच्या दिवशी, ‘आज’ हे दैनिक सुरू झाले. लोकमान्य १ ऑगस्टला गेले होते; त्यांना जाऊन उणेपुरे पाच आठवडे झाले होते.

‘आज’चे पहिले संपादक श्रीप्रकाश. पराडकर आरंभापासून त्यांच्यासमवेत होते आणि १९२४ पासून संपादकपदाची धुरा त्यांच्याकडे आली. येथे एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. हेच श्रीप्रकाश १९५६ मध्ये मुंबई राज्याचे राज्यपाल झाले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले तेव्हा त्याचे पहिले राज्यपाल तेच होते. म्हणजे एकाच कचेरीत बसणाऱ्या दोघांपैकी काशीकर महाराष्ट्राच्या राजभवनात गेले, आणि महाराष्ट्रीय काशीच्या छापखान्यात राहिला.

त्या छापखान्यात काय चाले, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण पराडकरांचे खरे कर्तृत्व तेथेच आहे. जगाच्या बातम्या तारेने येत त्या इंग्रजीत. रात्री त्या हिंदीत उतरवावयाच्या, खिळे जुळवणाऱ्याच्या हाती द्यावयाच्या आणि पहाटे अंक बाहेर काढावयाचा. प्रत्येक रात्री असा एखादा शब्द समोर येणार की ज्याला हिंदीत नावच नाही, आणि कोश उघडून बसावयास वेळ नाही. ज्याला संस्कृत घरचे, मराठी आईची, बंगाली मामाच्या सहवासातली आणि इंग्रजी शाळेतली, तो माणूस अशा वेळी चार भाषांच्या कोठारांतून शब्द आणू शकत होता. नावाआधीच्या ‘मिस्टर’ला हटवून ‘श्री’ लिहिण्याचा प्रघात, अनेक नावे एकत्र आली म्हणजे ‘सर्वश्री’, पैसा फुगून किमती चढतात त्या अवस्थेला ‘मुद्रास्फीति’, आणि ‘राष्ट्रपति’ हा शब्दही, या साऱ्यांचे श्रेय हिंदी पत्रसृष्टीत पराडकरांना दिले जाते. मराठीने ‘मुद्रास्फीति’ न घेता ‘चलनवाढ’ हा सुटसुटीत शब्द केला, आणि आमच्या मते तो अधिक चांगला आहे. परंतु ‘श्री’ आणि ‘राष्ट्रपती’ यांवाचून आज आपलेही पान हलत नाही.

आम्ही केंद्र सरकारच्या सेवेत आहोत. दरवर्षी सप्टेंबरात कचेरीत हिंदी पखवाडा होतो, स्पर्धा होतात, आणि हिंदी ज्यांची मातृभाषा नाही अशांचा एक वेगळा वर्ग त्यात ठेवलेला असतो. त्या वर्गात आम्ही दोनदा बक्षीस मिळविले आहे. एके वर्षी प्रमाणपत्रावर आपल्या नावामागचे ‘श्री’ वाचताना मनात आले, की पराडकर आज हयात असते तर नियमाप्रमाणे त्यांनाही आमच्याच बाकावर बसविले असते. असो.

१९२५ साली वृंदावन येथे हिंदी संपादकांचे पहिले संमेलन भरले. अध्यक्षपदी पराडकर होते. त्यांनी त्या भाषणात पुढील काळाचे जे चित्र काढले ते वाचून आजही मन थबकते. पत्रे पुढे मोठी होतील, कागद उत्तम असेल, छपाई सुंदर असेल, चित्रे असतील, खप वाढेल, असे त्यांनी सांगितले; आणि हे सारे मोठ्या भांडवलावाचून होणार नसल्याने पत्र मालकाचे होईल, संपादक पगारदार नोकर होईल, आज गरीब पत्रांत जो जीव आहे तो तेव्हा राहणार नाही, हेही सांगितले. ज्या काळी हिंदी पत्रे कर्ज काढून चालत होती त्या काळी श्रीमंतीचे भय दाखविणारा हा अध्यक्ष ऐकणाऱ्यांस कसा वाटला असेल कोण जाणे! आपल्या घरी सकाळी जो जाडजूड, रंगीत, जाहिरातींनी भरलेला अंक येऊन पडतो तो हाती घेऊन वाचकांनीच काय ते ठरवावे.

१९३० चा मिठाचा सत्याग्रह सुरू झाला आणि सरकारने वटहुकूम काढून पत्रांकडे जामिनकी मागण्यास प्रारंभ केला. ‘आज’ बंद ठेवण्यात आले. तेव्हा काशीत ‘रणभेरी’ नावाची पत्रिका गुप्तपणे निघू लागली, आणि तिच्यामागे जी माणसे होती त्यांत पराडकर प्रमुख होते. ती सायक्लोस्टाइलवर काढीत. आम्ही नोकरीस लागलो तेव्हा कचेरीत ते यंत्र होते, म्हणून थोडे सांगू शकतो. मेणाच्या कागदावर टोकदार लेखणीने लिहावयाचे, तो कागद चौकटीत बसवून त्यावर शाईचा रूळ फिरवावयाचा, आणि एकेक प्रत अलगद सोडवून घ्यावयाची. मेणकागद फाटला की सारे पान पुन्हा लिहावे लागे, आणि बोटांची शाई दोन दिवस जात नसे. आम्हांस त्या शाईचा त्रास एवढाच, की डबा खाताना हात धुवावे लागत. ज्या गावात पोलीस घरोघर यंत्र शोधीत हिंडत होते त्या गावात बोटे काळी असलेला मनुष्य कोणत्या जिवाने रस्त्यावरून जात असेल, याचा विचार आम्ही त्या वेळी कधी केला नव्हता. काशीच्या गल्ल्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना मात्र ही पत्रिका पोलिसांच्या हातून का निसटत राहिली, हे समजावून सांगण्याची गरज नाही.

हंगेरीच्या लायोश कोशूत या देशभक्ताची या ठिकाणी आठवण होते. तेथील विधिमंडळाच्या वृत्तान्ताची छपाई सरकार होऊ देईना, म्हणून त्याने १८३० च्या दशकात ते हातांनी लिहवून गावोगाव धाडले, त्यापायी १८३७ साली तो तुरुंगात पडला, आणि सुटल्यावर १८४१ पासून तो मोठ्या वृत्तपत्राचा संपादक झाला. पुढे १८४९ मध्ये हंगेरीची सत्ताच काही महिने त्याच्या हाती आली. पराडकरांच्या आयुष्याची वाट पुष्कळ अंतर अशीच गेली, पण शेवटच्या वळणावर ते निराळे झाले. स्वातंत्र्य आले तेव्हा त्यांच्याबरोबरचे कितीतरी लोक मंत्री झाले, राज्यपाल झाले. पराडकर अग्रलेख लिहीत राहिले. राजकारण त्यांनी लेखणीने केले, बंदिवासाने केले, आणि खुर्चीपाशी ते थांबले. हा त्याग होता की स्वभाव, याविषयी आमचे मत स्वभावाकडे झुकते. संपादकाच्या खुर्चीची ज्याला गोडी लागली त्याला दुसरी खुर्ची सहसा मानवत नाही.

साहित्यिकांमध्येही त्यांचा मान मोठा होता. प्रेमचंद १९३६ साली वारले, तेव्हा त्यांच्या ‘हंस’ मासिकाचा जो स्मृती अंक १९३७ मध्ये निघाला त्याचे संपादन पराडकरांकडे सोपविण्यात आले. १९३८ साली सिमल्यास भरलेल्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. एका मराठीभाषी गृहस्थास हिंदीच्या सर्वोच्च व्यासपीठावर बसविताना कोणास काही वावगे वाटले नाही, ही गोष्ट त्या काळाला आणि त्या भाषेच्या मंडळींना भूषणावह होय. भगवद्गीतेचा हिंदी अनुवादही त्यांनी केला. ते कोणी एकटे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. ‘हिंदी केसरी’ काढणारे माधवराव सप्रे, काशीतच जन्मलेले व ‘भारतमित्र’चे संपादक झालेले लक्ष्मण नारायण गर्दे, ही सारी आपलीच मंडळी. हिंदी पत्रांच्या जडणघडणीत मराठी हातांचा इतका वाटा आहे याची जाणीव पुण्या-मुंबईच्या वाचकांस नसली तर नवल नाही. आपणांस मात्र ती असावयास हवी.

१९४२ च्या आंदोलनात ‘आज’वर पुन्हा संकट आले. १९४३ ते १९४७ या काळात पराडकर काशीच्याच ‘संसार’ या दैनिकात होते. मधल्या काळात, १९४४ साली, शिवप्रसाद गुप्त निवर्तले. १९४७ मध्ये पराडकर ‘आज’मध्ये परत आले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. स्वातंत्र्याची बातमी ज्या पत्राने काशीकरांच्या हाती दिली त्या पत्राशी त्यांचा पहिला अंक निघाल्यापासूनचा संबंध होता.

आता त्या तरुण सभासदाचा प्रश्न. आम्ही तो घरी घेऊन आलो. आमची कन्या येथील शाळेत शिकलेली, मराठी बोलते पण चिठ्ठी लिहावयाची तर हिंदीत लिहिते. यावरून घरात पुष्कळदा शब्दाला शब्द लागला आहे, आणि त्यात आमचाच आवाज चढलेला असतो हे कबूल केले पाहिजे. तिला पराडकरांची हकीकत सांगितली तेव्हा तिने उलट विचारले, की त्यांनी हिंदीत लिहिले याचा तुम्हांला अभिमान वाटतो, मग मी लिहिले तर राग का येतो? आम्ही म्हटले, त्यांना चार भाषा येत होत्या आणि पहिली ते विसरले नव्हते. कलकत्त्याच्या कॉलेजात ते मराठी शिकवीतही होते. यावर ती काही बोलली नाही, पण तिचे समाधान झाले असे आम्हांस वाटले नाही, आणि खरे सांगावयाचे तर आमचेही पुरते झाले नाही. समितीच्या पुढच्या बैठकीत आम्ही हा प्रसंग जसाच्या तसा सांगितला. तरुण सभासद हसले आणि लेख घ्यावा असे त्यांनीच सुचविले.

१२ जानेवारी १९५५ रोजी पराडकरांचे काशीतच देहावसान झाले. मैदागिनला काशी पत्रकार संघाची वास्तू आहे, तिला पराडकर स्मृती भवन असे नाव दिले आहे. हा लेख लिहिण्यापूर्वी एका संध्याकाळी आम्ही तेथे जाऊन आलो. आत कोणाची तरी पत्रकार परिषद चालू होती, बाहेर दुचाकींची दाटी होती. दाराशी चहा घेत उभ्या असलेल्या एका तरुण वार्ताहरास आम्ही सहज विचारले, की पराडकर मूळचे कोठले? क्षणाचाही विलंब न लावता त्याने उत्तर दिले, काशीचे. आम्ही मान डोलावली आणि चौकाच्या बाजूस रिक्षा पाहू लागलो.